‘चिमणी चिमणीच राहते’ या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चिमणी चिमणीच राहते, प्रजाती म्हणजे काय, हेच शास्त्रज्ञांना सांगता येत नाही, नवी प्रजाती तयार होताना कुणी पाहिलेली नाही, म्हणूनच उत्क्रांती दहावीच्या पुस्तकातून काढली. याच सुराचं वक्तव्य जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी केलं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी तेव्हा त्याला जाहीर विरोध केला. तरी तेच मुद्दे आता मुलांच्या मोबाइलवर येतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

व्याख्या आहे. अर्न्स्ट मायर या पक्षीशास्त्रज्ञानं ती १९४२ साली मांडली: निसर्गात ज्यांची आपापसांत वीण होते आणि इतर गटांशी होत नाही, तो समूह म्हणजे प्रजाती. मजकुरात खेचराचा दाखला देऊन म्हटलंय, संकर वांझ निघाला तरच प्रजाती वेगळ्या. ही अट मायरची नाही. नायगावच्या अभयारण्यात दिसतो तो आपला मोर आणि आग्नेय आशियातला हिरवा मोर एका पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांना पिल्लं होतात आणि त्या पिल्लांचीही पुढे वीण होते. तरी त्या दोन प्रजाती आहेत, कारण रानात त्यांची सरमिसळ होत नाही. उलट पांढरा मोर दिसायला कितीही निराळा असला तरी आपल्या मोराचीच प्रजाती. त्याच्या पिसांत फक्त रंगद्रव्य नसतं.

‘कुणी पाहिलं नाही’ हे तर सरळ खोटं आहे. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्यानं १९७३ पासून चार दशकं फिंच या चिमणीसारख्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालून पिढ्यांची नोंद ठेवली. १९८१ साली तिथे एक परका, मोठा नर आला. जनुकं तपासल्यावर कळलं, तो शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरचा होता. त्यानं स्थानिक मादीशी जोडी जमवली. फिंचची पिल्लं गाणं बापाकडून शिकतात, त्यामुळे त्याच्या मुलांचं गाणं परकं आणि चोचही निराळी. बेटावरच्या माद्या त्यांना जोडीला घेईनात. पुढे दुष्काळात त्या वंशातले एक भाऊ-बहीणच उरले आणि त्यांच्यापासून वंश वाढला. पुढच्या नोंदींत हे पक्षी आपसांतच वीण करताना दिसले. त्यांना अजून रीतसर प्रजातीचं नाव मिळालेलं नाही, पण वीण तुटते कशी, हे माणसांनी डोळ्यांनी पाहिलं.

सीमा कुठे कुठे धूसर आहेत, हे खरं. हिवाळ्यात आपल्या बाभळींवर येणारा हिरवट वटवट्या हा छोटा पक्षी हिमालयात आणि सायबेरियात वीण करतो. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याचे समूह दोन बाजूंनी उत्तरेला पसरले, वाटेत गाणं बदलत गेलं. सायबेरियात दोन्ही टोकं एकत्र येतात, तेव्हा एकमेकांच्या गाण्याला दाद देत नाहीत. मग ही एक प्रजाती की दोन? तज्ज्ञांत मतभेद झाले. प्रजाती हळूहळू घडत असतील तर अशा अर्धवट अवस्था सापडायलाच हव्यात. पहिल्यापासून ठरलेल्या, न बदलणाऱ्या प्रजाती असत्या तर हा वाद उद्भवलाच नसता.

राहिला पुस्तकाचा मुद्दा. एनसीईआरटीनं, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, दहावीतून तो भाग काढला, तो अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याचं कारण देऊन. सिद्धांत खोटा ठरला म्हणून नव्हे. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचं प्रकरण आजही आहे.