आदेश दोन निघाले, आठ दिवसांत मोकळा झाला तो एकच

७ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. निफाडहून काकांचा फोन आला होता. म्हणाले, "उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं बंदी घातली म्हणे. कारखान्याचं पेमेंट आता लांबणार." तासा-दोन तासांनी पुन्हा फोन वाजला. "अरे, कांद्याची निर्यातही बंद केली."

आमचं शेत चार एकरांचं. त्यात दीड एकर ऊस, बाकीच्यात कांदा. मी नोकरीसाठी नाशिकला असतो, पण घर चालतं ते त्याच चार एकरांकडे बघून. त्यामुळे दोन्ही आदेशांचा मार एकाच घराला बसला. त्यानंतर दोन्ही आदेशांचं काय झालं, हे मी रोज बघत होतो. तेच सविस्तर लिहायचं आहे. पोस्ट लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी कांदा. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट बघता येते. लाल कांद्याला तेवढा दम नसतो, काढला की बाजार दाखवावाच लागतो. बंदी आली त्या दिवशी काकांचा निम्मा कांदा काढून वावरातच पात झाकून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले आणि चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले. लिलाव सुरू झाल्यावर काका ट्रॉली घेऊन गेले, तेव्हा आदल्या आठवड्याच्या निम्माही भाव मिळाला नाही. हिशोबपट्टी त्यांनी घडी घालून टोपीत ठेवली आणि घरी आल्यावर कुणालाच दाखवली नाही. काकूने विचारलं तर म्हणाले, "बघू उद्या."

आता ऊस. नागपुरात त्याच दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. राज्यातले मोठे नेते दिल्लीशी बोलू लागले. खाजगी साखर कारखान्यांची संघटना इस्मा आणि सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ, दोघांनीही आपली बाजू लावून धरली. १५ डिसेंबरला, म्हणजे आठव्या दिवशी, केंद्राने आदेश सैल केला. १७ लाख टन साखर होईल एवढ्या मर्यादेत उसाचा रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यात अजून बरीच साखर उरलेली असते ती मळी, इथेनॉलला वापरायला मुभा मिळाली.

कांद्याची बंदी ३१ मार्चपर्यंत होती. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. उठली ४ मे रोजी, आमच्याकडच्या लोकसभा मतदानाला १६ दिवस उरले असताना. तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. तोवर लाल कांदा संपून गेला होता.

साखरवाल्यांना मिळालं म्हणून मला वाईट वाटत नाही. आमचाही ऊस तिथेच जातो. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. साखर मात्र दर महिन्याच्या कोट्याप्रमाणेच विकावी लागते, तिचे पैसे सुटायला हंगाम उलटून जातो. तो आदेश सैल झाला हे बरंच झालं. माझा प्रश्न एवढाच की त्यांना आठ दिवस लागले आणि आम्हाला पाच महिने, हे कशामुळे?

राजकीय वजन हे सोपं उत्तर आहे आणि ते खरंही आहे. कारखान्याच्या चेअरमनपदावरून आमदारकी-खासदारकीला गेलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण त्यापुढेही काही आहे. इस्माची स्थापना १९३२ ची. त्याच वर्षी आयात साखरेपासून देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हापासून ही मंडळी सरकारदरबारी आपली बाजू मांडत आली आहेत. देशात ऊस किती हेक्टरवर उभा आहे, याचे अंदाज ते उपग्रहाची छायाचित्रं वापरून काढतात. गाळप किती झालं, साखर किती तयार झाली, याचे आकडे हंगामभर जाहीर करतात. सरकारशी बोलायला बसतात तेव्हा आकडा त्यांच्या हातात असतो. आमचा माणूस पोहोचतो तेव्हा त्याच्या हातात निवेदन असतं आणि मागे घोषणा.

या रेट्याने चांगली कामंही झाली आहेत. सहकारी कारखान्यांनी सभासदांना ठरल्यापेक्षा जास्त ऊसदर दिला, तर तो जादा पैसा नफा धरून आयकर मागितला जायचा. वर्षानुवर्षं हा वाद चालला. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीची ती रक्कम खर्च म्हणून मान्य झाली आणि सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळाला. शेतकऱ्याला चार पैसे जास्त दिले म्हणून कर लावणं चुकीचंच होतं.

साखरेची किमान विक्री किंमत वाढवण्याची मागणीही मला पटते. २०१९ च्या फेब्रुवारीत ती किलोला ३१ रुपये झाली. तेव्हा उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, क्विंटलला २७५ होती. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी ३४० झाली, तरी साखर त्या ३१ वरच. कारखानदार म्हणतात, साखरेला दर नाही तर उसाला कुठून देऊ? बरोबर आहे.

पण इथेच माझी नाराजी आहे. प्रत्येक मागणीत नाव आमचं असतं, "ऊस उत्पादकांच्या हितासाठी" असं लिहिलेलं असतं. मग १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली ही ओळही त्याच पत्रात यायला नको का? ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आमच्या घराला एका हंगामाचे पैसे सात महिन्यांनी मिळाले. व्याजाचा एक रुपया आला नाही, आणि मागायला गेलेल्या काकांना पुढच्या वर्षी तोडणीची टोळी सर्वांत शेवटी मिळाली. तोवर उसाला तुरे आले होते, वजन घटलं होतं. ते व्याज द्या, असं कारखान्यांच्या संघटनेने सरकारला लिहिलेलं पत्र मी तरी आजवर वाचलेलं नाही. उलट २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला, तो कारखान्यांच्या सोयीचा होता. राजू शेट्टी कोर्टात गेले, तेव्हा कुठे मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कुणी कुणासाठी सरकारकडे काय मागितलं, याची नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्या देशात नाही. तो व्हायला हवा. तोपर्यंत निदान सहकारी कारखान्यांनी तरी एवढं करावं. आमच्या शेअरच्या पैशांवर उभ्या असलेल्या कारखान्यांची संघटना दिल्लीला जे पत्र पाठवते, ते वार्षिक सभेच्या अहवालात छापावं. सभासदाला कळू दे त्याच्या नावाने काय मागितलं.

आणि कांद्याचं? आपल्या संघटना आहेत, पोरं रस्त्यावर उतरतात, अंगावर केसेस घेतात. त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण बारा महिने चालणारं एक ऑफिस आपलं नाही. लागवड किती, चाळीत किती, महिन्याला बाजारात येणार किती, हे सांगणारा शेतकऱ्यांचा स्वतःचा आकडा नाही. बंदी घालताना सरकार आपल्या अंदाजावर चालतं आणि तो खोडायला आपल्याकडे काही नसतं.

आमच्या गावात या रब्बीला एक वही सुरू केली आहे. गट नंबर, कांद्याचं क्षेत्र, लागवडीची तारीख, चाळीत किती क्विंटल भरला, एवढेच चार रकाने. सोसायटीच्या ओट्यावर ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात अकरा नावं आली, आता त्रेसष्ट झाली आहेत. सुरुवातीला लोक क्षेत्र सांगायला कचरत होते, तलाठ्याला कळेल म्हणून. काकांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. शेजारच्या दोन गावांतून वहीचा फोटो मागवला आहे. निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा, कुठलंही गाव असो, हवा असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, रकान्यांचा फोटो पाठवतो.