लॉग सर्व्हर टाळावा कसा, आणि टाळता न आल्यास बसवावा कसा

आपल्या कार्यालयात चाळीस-पन्नास स्विच, तीन-चार राऊटर आणि एखादी फायरवॉल असेल, आणि त्या सर्वांच्या नोंदी, म्हणजे लॉग, एकाच सर्व्हरवर गोळा कराव्यात असा विचार कोणाच्या मनात घोळू लागला असेल, तर तो वेळीच परतवून लावणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. नेटवर्क बंद पडणे ही फार मोठी आपत्ती नव्हे. ते तासाभरात सुरू होते आणि तोवर लोक चहा पिऊन येतात. ते का बंद पडले हे कळणे ही खरी आपत्ती होय, कारण निमित्त कळले की त्यामागोमाग माणूस कळतो, आणि तो माणूस बहुधा त्याच खोलीत बसलेला असतो.

उपकरणे बनवणाऱ्यांनी या बाबतीत आपली चांगली सोय करून ठेवली आहे. स्विच किंवा राऊटर स्वतःवर जे काही गुदरते ते आपल्याच मेमरीतल्या लहानशा बफरमध्ये लिहून ठेवतो. सिस्को कंपनीच्या अनेक उपकरणांत हा बफर मुळात ४०९६ बाइट्सचा असतो, म्हणजे शंभर अक्षरांची ओळ धरली तर जेमतेम चाळीस ओळींचा. तो भरला की जुनी ओळ पुसून नवी लिहिली जाते. संध्याकाळी सहाच्या सुमारास मजल्यावरच्या माणसांनी लॅपटॉपच्या केबली काढायला सुरुवात केली की प्रत्येक पोर्टमागे, म्हणजे केबल खोचण्याच्या खाचेमागे, दोन ओळी पडतात, एक लिंक गेल्याची आणि दुसरी लाइन प्रोटोकॉल गेल्याची. वीस माणसे घरी गेली की दुपारी घडलेले सारे इतिहासजमासुद्धा न होता नाहीसे होते. वापरकर्त्यांच्या पोर्टवरच्या या किरकोळ नोंदी थांबवण्याची आज्ञा एका ओळीची आहे, परंतु ती कोणाला शिकवू नये.

एवढ्यानेही काही उरलेच, तर बफर मेमरीत असल्यामुळे उपकरण बंद करून चालू केले की तो कोरा होतो. म्हणून नेटवर्क अडखळताच, काहीही न पाहता, स्विचची वायर उपटून पुन्हा लावावी. खून झालेल्या जागी पहिल्यांदा पोहोचलेल्या माणसाने फरशी पुसून घेतली तर पोलीस त्याला आधी ताब्यात घेतात. सर्व्हर रूममध्ये त्यालाच तत्पर म्हणतात.

मी ज्या एका कार्यालयात काम करीत होतो तेथे एका सोमवारी सकाळी दोन मजल्यांचे नेटवर्क गेले. दुपारी बैठक भरली. टेबलावर बिस्किटे होती आणि पाच माणसांकडे बंद पडण्याच्या पाच वेगवेगळ्या वेळा होत्या. एकाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर बोट ठेवले, दुसऱ्याने वायरिंगवर, तिसऱ्याने पावसावर, आणि शेवटी एएमसीवाल्यांचा, म्हणजे देखभालीचे वार्षिक कंत्राट घेतलेल्यांचा, माणूस हजर नसल्याने त्याच्यावर खापर फोडण्यास सर्वांची संमती मिळाली. स्विचवर शिरून नोंदी पाहिल्या तेव्हा पहिलीच ओळ उपकरण सुरू झाल्याची होती. तिच्या आधीचे जग निर्माणच झालेले नव्हते. अहवालात ‘तांत्रिक कारणास्तव तात्पुरता व्यत्यय, सेवा पूर्ववत, परिस्थिती निरीक्षणाखाली’ असे लिहिले गेले, त्याखाली सह्या झाल्या, आणि कोणाच्याही पगारवाढीला धक्का लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही.

दुर्दैवाने आपल्या देशात संगणक-सुरक्षेवर नजर ठेवणारी सर्ट-इन नावाची सरकारी संस्था आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सर्व यंत्रणांच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंतच्या जपून ठेवाव्यात, ठरावीक प्रकारच्या सुरक्षाविषयक घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्यात आणि यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावीत, असे सांगून ठेवले आहे. त्यामुळे केव्हा तरी ऑडिटर येतो आणि त्याच्या यादीत ‘केंद्रीय लॉग सर्व्हर आहे काय’ असा रकाना असतो. ‘त्याचा उपयोग होतो काय’ असा रकाना सहसा नसतो, आणि आपल्याला जे काही करायचे आहे ते या दोन रकान्यांमधल्या मोकळ्या जागेत करायचे आहे.

सुरुवात घड्याळापासून करावी. एनटीपी, म्हणजे उपकरणांची घड्याळे नेटवर्कवरून जुळवणारी सोय, लावूच नये. ज्या जुन्या सिस्को उपकरणांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते ती सुरू होताच १ मार्च १९९३ ही तारीख धरून चालू लागतात, आणि आपल्याच वेळेवर आपला विश्वास नाही हे सांगण्यासाठी ओळीच्या आरंभी एक बारीकशी तारका छापतात. तिच्याकडे कानाडोळा करावा. ती बिचारी ओरडत नाही. काही उपकरणांना भारतीय वेळ द्यावी आणि फायरवॉल मात्र युटीसीवरच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरच, सोडावी, म्हणजे दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या असता चोर घरात शिरण्यापूर्वी साडेपाच तास आधीच बाहेर पडलेला दिसेल, आणि अशा चोराविरुद्ध कोणतीही चौकशी फार काळ टिकत नाही. नोंदी पाठवण्याच्या रूढ पद्धतीला सिसलॉग म्हणतात. तिच्या जुन्या वळणाच्या संदेशात, ज्याचे वर्णन २००१ च्या आरएफसी ३१६४ या तांत्रिक दस्तऐवजात आहे, महिना, दिवस आणि वेळ असते, परंतु वर्षही नसते आणि ही वेळ कोणत्या देशाची हेही नसते. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने दोन्हींची व्यवस्था केली. तरी कितीतरी उपकरणे अजून जुन्याच वळणाने लिहितात, त्यांना तसे लिहू द्यावे. पूर्वीच्या घरगुती पत्रांवर नुसती तिथी असे आणि सालाचा पत्ता पोस्टाच्या शिक्क्यावरून लावावा लागे. येथे त्या शिक्क्याचे काम लॉग सर्व्हर करू शकतो, कारण संदेश हाती पडल्याची स्वतःची वेळ त्याला लिहिता येते. ती लिहिण्याची तसदी त्याला देऊ नये.

त्यानंतर पातळीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते खरे कौशल्य येथेच लागते. सिसलॉगमध्ये गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. आकडा जितका लहान तितकी बोंब मोठी. सर्व्हरकडे कोणत्या पातळीपर्यंतचे संदेश पाठवावेत असे कोणी विचारले तर गंभीर चेहऱ्याने ४ म्हणून सांगावे. ‘इशारे आणि त्यांहून गंभीर ते सर्व’ हे वाक्य कोणत्याही बैठकीत अत्यंत जबाबदार वाटते. त्यातली खुबी अशी आहे की सिस्कोच्या आयओएस या उपकरण-प्रणालीमध्ये एखादे पोर्ट आपोआप पडले तर ती नोंद तिसऱ्या पातळीवर येते, पण तेच पोर्ट एखाद्या माणसाने आज्ञा देऊन बंद केले तर ती नोंद पाचव्या पातळीवर जाते. कोणी कॉन्फिगरेशनमध्ये हात घातला हे सांगणारी, ‘सिस-५-कॉन्फिग-आय’ अशा नावाने सुरू होणारी, बदल कोणत्या खात्याने आणि नेटवर्कवरच्या कोणत्या पत्त्यावरून केला हे एका दमात सांगून मोकळी होणारी ओळसुद्धा नावाप्रमाणेच पाचवी. म्हणजे ४ वर थांबलेल्या सर्व्हरवर दैवाचा गुन्हा नोंदला जातो आणि माणसाचा नोंदला जात नाही. याहून न्याय्य व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

ज्यांना ४ हा आकडा भित्रेपणाचा वाटतो त्यांनी थेट ७ ठेवावा, डीबगसकट सगळे येऊ द्यावे, आणि सुई लपवायची असेल तर गवताची गंजी किती मोठी लागते याचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा.

नोंदी वाहून नेण्यासाठी यूडीपी ही रीत आणि तिचा ५१४ हा पोर्ट क्रमांक (हे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे) ही जुनी वाट सोडू नये. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे सेंडमेलच्या कामासाठी सिसलॉग तयार केला; पुढे ही पद्धत नेटवर्कच्या उपकरणांनीही उचलली, आणि बहुतेक ठिकाणी आजही तिची चाल साध्या पोस्टकार्डाची आहे: पेटीत टाकले की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली, पोहोचले की नाही हे तो विचारीत नाही. पोचपावती आणि कुलूपबंद पाकीट हवे असणाऱ्यांसाठी टीसीपी या रीतीवरचे टीएलएस हे कुलूप आणि ६५१४ हा पोर्ट क्रमांक आहे, परंतु प्रमाणपत्रांची मुदत कोण सांभाळणार, असा प्रश्न विचारला की तो विषय वर्षभर मागे पडतो. लॉग सर्व्हर अशा जागी ठेवावा की ज्या अपलिंकच्या, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या मुख्य जोडणीच्या, पडण्याची आपल्याला धास्ती आहे त्याच अपलिंकवरून सर्व नोंदी त्याच्याकडे जातील. अपलिंक पडली की ती पडल्याची बातमीही तिच्याबरोबरच पडते.

टीसीपीचा आग्रह कोणी धरलाच, तर सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर तो खुशाल मान्य करावा. टीसीपीवरचा लॉग सर्व्हर सापडेनासा झाला की ही फायरवॉल मूळ ठेवणीनुसार नव्या जोडण्या होऊ देत नाही. नोंद होणार नसेल तर कोणी जाऊच नये, अशी तिची करडी समजूत आहे. तिला सवलत देणारी आज्ञा असते. ती न देता लॉग सर्व्हरची डिस्क भरण्याची शांतपणे वाट पाहावी. ज्या दिवशी नोंदींच्या ओझ्याने सर्व्हर बसेल आणि त्यापायी सगळ्या कार्यालयाचे इंटरनेट जाईल, त्या दिवशी ‘हे लॉगचे खूळ आधी बंद करा’ असा आदेश आपण न मागता वरून येईल.

डिस्क न भरण्याचीही सोय आहे. अनेक लिनक्स वितरणांत नोंदींच्या जुन्या फाइली काढून टाकणाऱ्या लॉगरोटेट या साधनाची मूळ ठेवण आठवड्याला एक फाइल बदलण्याची आणि मागच्या चारच ठेवण्याची असते. तिला हात लावू नये. १८० दिवसांचा नियम आणि चार आठवड्यांची फाइल यांची गाठ पडेपर्यंत आपली बदली झालेली असते.

उपकरणांवर सर्वांनी मिळून ‘अ‍ॅडमिन’ हे एकच खाते वापरावे. एकत्र कुटुंबपद्धती शहरांतून नाहीशी झाली असली तरी सर्व्हर रूममध्ये ती अजून नांदते आहे, हे त्यावरून दिसते. नोंदी कोणत्या पत्त्यावरून पाठवायच्या हेही राऊटरला सांगू नये. मग ज्या वाटेने संदेश बाहेर पडेल त्या वाटेचा पत्ता तो लावतो, आणि एकच राऊटर सर्व्हरवर तीन नावांनी वावरू लागतो.

आता या सगळ्या नोंदी वाचायच्या कोणी, हा प्रश्न उरतो. त्यासाठी भिंतीवर एक मोठा टीव्ही लावून त्यावर रंगीत वर्तुळे फिरती ठेवावीत. पाहुण्यांना ती आवडतात. इशाऱ्यांचे ईमेल सबंध टीमला पाठवावेत, म्हणजे प्रत्येक जण ते दुसऱ्याने वाचले असे गृहीत धरील, आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाने ते परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम करून घेतलेला असेल. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपल्याकडची फार जुनी आणि विश्वासार्ह व्यवस्था आहे.

या पथ्यांकडे दुर्लक्ष केल्यास काय ओढवते तेही सांगतो. त्याच कार्यालयात पुढे एक शिकाऊ इंजिनीअर मुलगी आली. तिने अडगळीतल्या एका डेस्कटॉपवर लिनक्स चढवले, नोंदी गोळा करणारा आर-सिसलॉग चालू केला, स्विचना एनटीपी दिले, पातळी ६ ठेवली, आणि तो डबा आपल्याच टेबलाखाली पायाशी ठेवून दिला. दोन महिन्यांनी दोन मजले पुन्हा गेले. पुन्हा बिस्किटे आली, पुन्हा पाच वेळा निघाल्या, आणि एएमसीवाल्यांच्या नावापर्यंत चर्चा येते न येते तोच ती म्हणाली, ‘‘सर, कोअर स्विचवरची दोन पोर्ट १० वाजून ३७ मिनिटे १२ सेकंदांनी आज्ञा देऊन बंद केली गेली आहेत. त्यानंतर सात सेकंदांनी कॉन्फिगरेशन बदलल्याची ओळ आहे.’’

‘‘कोणाच्या नावाने?’’

‘‘अ‍ॅडमिन.’’

खोलीत सुटकेचा निःश्वास ऐकू आला. तेवढ्यात तिने पुढचे वाचले. ‘‘पण पत्ता लिहिलेला आहे, सर.’’ तिने तो सावकाश, एकेक आकडा करून वाचला. विभागप्रमुखांनी आपल्या समोरचा लॅपटॉप मिटला आणि बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

तिचे सर्वांसमक्ष कौतुक झाले. त्याच आठवड्यात स्वागतकक्षात पाहुण्यांचे पास छापण्यासाठी एका डेस्कटॉपची तातडीची निकड निर्माण झाली आणि इतके डेस्कटॉप असलेल्या त्या इमारतीत नेमका तोच मोकळा सापडला. त्यावर विंडोज चढवण्यात आले. पत्ता बदलायचा तर चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरावा लागतो, म्हणून पत्ता तसाच राहिला. स्विचवरची लॉग पाठवण्याची ओळही कोणी काढली नाही.

मी नोकरी सोडल्यानंतर परवा काही कामाने तेथे गेलो होतो. स्वागतकक्षातल्या मुलीने माझे नाव टाइप केले, पास छापला आणि ती फोनवर बोलू लागली. डब्याच्या मागचा हिरवा दिवा तरीही लुकलुकत होता. वरच्या मजल्यांवरचे सगळे स्विच कोणते पोर्ट कधी पडले आणि कोणी पाडले ते इमानेइतबारे त्याला कळवीत होते, आणि यूडीपी असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती.