काना, मात्रा आणि कान

अण्णा वारले त्या पहाटे फोन मी घेतला, ही घरातल्या सगळ्यांच्या मते मूळ चूक. अण्णा म्हणजे माझे चुलत साडू. पलीकडून त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, अण्णा वारले." मी ऐकलं, "अण्णा वाढले." डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलंय हे मला ठाऊक होतं. मी आपलं आपुलकीनं विचारलं, "किती किलोंनी?"

तेराव्याचं जेवण उरकलं आणि परतीच्या गाडीतच ठरलं, की यांचे कान दाखवायचे.

आता मी सांगलीच्या एका छापखान्यात 35 वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जुळणीपासून संगणकापर्यंत सगळं पाहिलेला. दुसऱ्याच्या मजकुरातला चुकलेला अनुस्वार मला चष्म्याशिवाय दिसायचा. माझ्याच कानात चुका आहेत हे मला सहा वर्षं पटलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

सांगलीकराला काही दुखलंखुपलं की तो मिरजेला जातो. तिथं मला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आत इतकी शांतता, की मला माझं पोट ऐकू यायला लागलं. 'टूं' खरंच आला की भास झाला हे कळेना, म्हणून मी काही वेळा नुसत्या संशयावरून बटण दाबलं. आत शाळेच्या परीक्षेसारखीच धाकधूक होती, फक्त शेजारी ज्याचं बघावं असं कुणी नव्हतं.

निकाल म्हणून एक आलेख हातात आला. डावीकडे 250 हर्ट्झ, उजवीकडे 8000. माझी रेघ डावीकडून बरी सपाट चालत आली आणि मध्यावर पोचताच आंबा घाट उतरावा तशी खाली गेली. तपासणाऱ्या मुलीनं समजावून सांगितलं, "काका, वय झालं की वरच्या पट्टीतला आवाज आधी जातो. स्वर खालच्या पट्टीत असतात, दणदणीत असतात, ते तुम्हाला येतात. पण स, श, फ, त, क ही मंडळी वरच्या पट्टीत, आणि मुळात अशक्त. ती गळतात. म्हणून तुम्हाला आवाज येतो, शब्द कळत नाही."

ओरडू नका, नीट बोला, हेच तर मी सहा वर्षं सांगत होतो!

पण परतताना मला दुसराच उजेड पडला. माझ्या कानाला काना ऐकू येत होता, मात्रा येत होती, वेलांटी येत होती, फक्त अक्षरं गळत होती. म्हणजे खिळे पडलेलं प्रूफ. आणि मी काय करत होतो? गाळलेल्या जागा अंदाजानं भरत होतो. बायको म्हणाली, "कात्री आहे का?" मी म्हणालो, "अगदी खात्री आहे." ती म्हणाली, "तूप संपलं." मी म्हणालो, "आपण सूप पितो कधी?" मूळ हस्तलिखित न बघता प्रूफ दुरुस्त करणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर झापलं, आणि घरी सहा वर्षं तेच केलं.

यंत्राची किंमत ऐकताना मात्र एकही व्यंजन गळलं नाही. जोडीचे 52 हजार.

यंत्र म्हणजे कानामागे बसणारा शेंगदाण्याएवढा ऐवज, त्यातून निघणारी बारीक तार आणि टोकाला रबराची टोपी. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. बॅटरी 312 नंबरची, तांबूस पिंगट चिकटपट्टी लावलेली. पट्टी काढली की मिनिटभर थांबायचं, कारण आत जस्त असतं आणि हवा लागल्याशिवाय ते कामाला लागत नाही. एका बॅटरीला साधारण आठवडा. बायको या सगळ्याला एकच शब्द वापरते, 'मशीन'.

मशीन सुरू झालं आणि कुणीतरी रांजणात डोकं घालून म्हणालं, "हां, येतंय ऐकू." तो मीच होतो. उठलो तर चपला चरचरल्या. खिशातल्या किल्ल्यांनी घंटानाद केला. बसमध्ये प्रत्येक खिडकी वेगळ्या तालात थडथडत होती आणि कंडक्टर सुटे पैसे नव्हे, पितळी भांडी मोजत होता. घरी फ्रीज गुरगुरत होता. "हा कधीपासून बिघडलाय?" मी विचारलं. "घेतल्यापासून असाच आहे," बायको म्हणाली.

मग भडंग. सांगलीत राहून चार वाजता भडंग न खाणं हा गुन्हाच. मी पहिला बकणा भरला आणि दचकून मागं पाहिलं. वाटलं, गल्लीत खडी फोडायचं यंत्र आणलंय. चावायचं थांबलो की यंत्रही थांबे.

तुम्हाला वाटेल, आवाज मोठे झाले एवढंच ना? तसं नाही हो. छापील पानावर मथळा मोठा असतो, मजकूर लहान, तळटीप आणखी बारीक. डोळ्याला आपोआप कळतं काय आधी वाचायचं. माझ्या कानात सगळंच 48 पॉइंट ठळकमध्ये छापून आलं होतं. नातीचं बोलणं, पंख्याचं घरघरणं, वर्तमानपत्राची घडी, शेजाऱ्यांचा नळ, सगळे मथळे. मिरजेची मुलगी म्हणाली, "मेंदू हे आवाज विसरलाय. कुठला सोडायचा ते तो पुन्हा शिकेल. काही आठवडे लागतात, कुणाला महिनेही. रोज वापरा, काढून ठेवू नका."

काढून न ठेवण्याचे दुष्परिणाम घरच्यांनी भोगले. नात गळ्यात पडली की यंत्र शिट्टी मारतं. कानात जाणारा आवाज फटीतून बाहेर येतो, माइक तो पुन्हा पकडतो, पुन्हा मोठा करतो, की झाली शिट्टी. एका दुपारी कुकर गॅसवर, बायको हॉलमध्ये, नात शाळेतून आली ती थेट माझ्या गळ्यात. "चार झाल्या गं," म्हणत बायकोनं गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही तूरडाळ चावून खाल्ली. चारातल्या दोन शिट्ट्या माझ्या होत्या. आता कुकर लागला की मला बाल्कनीत बसवतात.

दुसऱ्या भेटीत त्या मुलीनं यंत्र संगणकाला जोडलं आणि काही पट्ट्या किंचित खाली, काही किंचित वर केल्या. बाहेर पडून मी उगाच सतारमेकर गल्लीत शिरलो. एका दुकानात तानपुऱ्याची जवारी काढणं चाललं होतं. कारागीर तारेखाली सुताचा धागा ठेवून केसाएवढा सरकवी, तार छेडी, पुन्हा सरकवी. आधी नुसतं टणटण, मग धागा कुठंतरी नेमका बसला आणि तार एकदम मधमाश्यांसारखी गुंजायला लागली. मी मिरजेला वर्षानुवर्षं येतोय. अलीकडं तानपुरे मुके झालेत असं माझं मत होतं. दहा मिनिटं उभा राहिल्यावर कारागिरानं विचारलं, "काय बघताय काका, घ्यायचाय का?" मी म्हटलं, "नाही, आत्ताच 52 हजारांचा घेतलाय." तो आदरानं माझ्याकडे बघत राहिला.

स्वतःचा रांजणातला आवाज अंगवळणी पडावा म्हणून रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, असा गृहपाठ मिळालाय. छापखान्यात एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रूफ बघायचं, अशी पद्धत होती. त्यात विरामचिन्हंही वाचायची असतात. ती सवय जिभेतून गेली नव्हती. त्यामुळे आमच्या घरात सकाळी सातला अग्रलेख असा होतो : "राज्यातील शेतकरी स्वल्पविराम कामगार आणि छोटे व्यापारी यांचे काय प्रश्नचिन्ह."

परवा असाच रंगात आलो होतो. स्वयंपाकघरात नळ चालू, पंखा चालू, फोडणी तडतडतेय, आणि त्या सगळ्याच्या खालून बायको स्वतःशी पुटपुटली, "सकाळी सकाळी कसलं हे सोंग." स, क, ळ, एकही खिळा पडला नव्हता. इतकं स्वच्छ प्रूफ मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मान वर न करता पुढं वाचत राहिलो.

"ऐकू आलंय तुम्हाला," ती दारात येऊन म्हणाली. "मशीन कानात दिसतंय मला."

"नवा परिच्छेद," मी म्हणालो.