नदीकाठची 'फ्लिंटची हत्यारं' : जरा खुलासा

कालपासून पुण्यातल्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की नदीकाठी नवाश्मयुगातली (म्हणजे धातू वापरात यायच्या आधीच्या काळातली) फ्लिंटची हत्यारं सापडतायत, दिसली की उचलून घरी आणा. अहो प्लीज, असं काही करू नका.

एकतर फ्लिंट हा चुनखडीतला दगड, इंग्लंडच्या खडूच्या कड्यांत मिळतो तसा. आपल्याकडचा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत फ्लिंट नाही, तर कॅल्सिडनी, अकीक आणि जास्पर हे गारेसारखे कडक दगड तयार होतात. शिरूरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं तिथली दगडी पातीपण कॅल्सिडनीचीच, आणि ती वस्ती ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तेव्हा तांबंही वापरात होतं.

आता ओळखायचं कसं? नुसता धारदार तुकडा म्हणजे हत्यार नाही, खडी क्रशरमधून पण तसलेच निघतात. माणसानं ठोकून काढलेल्या छिलक्यावर जिथे ठोका बसला त्याच्या खाली बारीक फुगवटा असतो, तिथून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी पसरतात. पण एका तुकड्यावरून ठरत नाही, आजूबाजूला काय पडलंय तेही बघावं लागतं, म्हणून तर उचलू नका म्हणतोय! जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, लोकेशन नोंदवा आणि पुरातत्व विभागाला कळवा.