शनिवारी पाणी नाही म्हणून पेटलेल्यांसाठी

काल रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. शनिवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी कमी दाबाने येईल. बस, एवढंच. आज दुपारपर्यंत ग्रुपवर मेसेजचा नुसता पाऊस. एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "जायकवाडीला सोडायला पाणी आहे, आणि आपण टॅक्स भरणाऱ्यांनी बादल्या भरून ठेवायच्या?" जायकवाडी म्हणजे खाली पैठणला गोदावरीवर असलेलं धरण. त्या मेसेजखाली अंगठेच अंगठे. मग कुणीतरी 'नाशिकचं पाणी नाशिकलाच' असं लाल अक्षरातलं पोस्टर टाकलं. त्यावर टाळ्या.

मी त्या ग्रुपवर बोलत नाही. तिथे पार्किंगवरून बोललं तरी लोक पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये तोंड फिरवतात. म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

नाशिकचं पाणी नाशिकलाच, ठीक आहे. मग मनमाड कुठे आहे? बिहारमध्ये? इथून गाडीने दीड-दोन तासांवर, आपल्याच जिल्ह्यात आहे ना? माझी आत्या मनमाडची. तिच्याकडे नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी यायचं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. वागदर्डी धरण भरलं तर भरलं, नाहीतर पालखेड धरणाच्या आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीची, वाट बघायची. माझ्या लग्नाला आत्या सकाळी आलीच नाही. हळद गेली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. पप्पा सारखे दाराकडे बघत होते. एकुलती एक बहीण. संध्याकाळी आहेर आवरत असताना ती आली. अंगावर पैठणी, पण निऱ्या खाली हातभर भिजलेल्या. पहाटे नळ आला होता. मामा रेल्वेत, ड्यूटीवर. ती एकटी. ते पाणी सोडलं असतं तर पुढचे पंधरा दिवस घरात प्यायला काय होतं? पप्पा तिच्याशी त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत.

आता मला सांगा, तिला कुणी 'टॅक्स भरणारी' म्हणणार आहे का? पाणीपट्टी तीही भरत होती. वर्षभराची.

मनमाडसाठी करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना आली, हे मान्य. चांगली गोष्ट आहे. पण आत्याच्या उमेदीची सगळी वर्षं ड्रम भरण्यात गेली, त्याचं काय?

आणि पाऊस पडत नाही असं तर मुळीच म्हणू नका. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, तिथेही धो धो. आणि त्याच जिल्ह्यात येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग पाचशे-सहाशेवर भागवतो. हे झालं भूगोलाचं. पण खरी चीड येते ती पेठ-सुरगाण्याकडे बघून. जिथे छत्री उघडून उपयोग नसतो इतका पाऊस पडतो, तिथेच मार्चपासून बायका विहिरीच्या तळाशी उतरतात. दोर नाही, पायऱ्या नाहीत, कपारीत बोटं रुतवून. खाली एक जण वाटीवाटीने हंड्यात पाणी भरते. ते फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत, शेअर केलेत, रडक्या इमोज्या टाकल्यात.

कारण काय? खाली सगळा काळा पाषाण. पाणी मुरायला जागाच थोडी, त्यात डोंगर उघडे झालेले. आलेलं पाणी दोन दिवसांत दमणगंगा, नार, पार धरून पश्चिमेला निघून जातं. अडवलं तिथे ते मोठ्यांसाठी अडवलं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातलं वैतरणेचं पाणी मुंबई पिते. मुंबईने प्यावं, माझं काही म्हणणं नाही, माझी नणंद तिथेच राहते. पण त्याच भागातल्या पाड्यावर टँकर?

त्र्यंबक तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवतोय? तास नदीच्या खोल दरीवर लाकडी बल्ली टाकलेली, तिच्यावरून बायका डोक्यावर हंडे घेऊन चालायच्या. फोटो छापून आले, मग घाईघाईने लोखंडी पूल आला. २०२२ च्या जुलैत तो पुरात वाहून गेला. पुन्हा पाढे पंचावन्न.

आता जायकवाडी. हे लिहिल्यावर निम्मे लोक मला अनफ्रेंड करतील, करा. २००५ च्या कायद्याने एका खोऱ्यातलं पाणी सगळ्यांनी समन्यायी वाटून घ्यायचं ठरलंय. ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ मध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीहून (म्हणजे अब्ज घनफुटांहून) थोडं जास्त सोडायचा आदेश निघाला, तेव्हा आपल्याकडे जणू कुणी घर लुटल्यासारखा आरडाओरडा झाला. अहो, गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते म्हणून ती काय नाशिकच्या सातबाऱ्यावर चढते का? पैठणच्या बाईलाही स्वयंपाक करायचा असतो.

बरं, नदीपात्रातून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, मोटारी लावून उपसलं जातं, जायकवाडीचं उथळ पात्र उन्हाळ्यात वाफ होऊन उडतं, आणि तिकडेही ऊस आहेच. हे खोटं नाही. पण त्याचा जाब उसाला विचारा, तहानलेल्याला कशाला?

आणि आपण काय फार सोवळे आहोत? २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं. टँकरने पाणी आणून कुंड भरलं. दक्षिणेची गंगा म्हणायचं आणि तिला टँकर लावायचा! गोदापात्रात काँक्रीट ओतून आपणच जिवंत झरे बुजवले, हे सांगून सांगून लोक कोर्टात गेले. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे, पुन्हा घाटांची कामं. बोलायला लागले की मला दम लागतो.

थोडं शांत होते.

काल आत्याशी बोलले. ती आता सत्तरीत आहे, गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. असेल. पण खालच्या टाकीतून वरच्या मजल्यावर कळशा नेऊन नेऊन कुणाचे गुडघे टिकतील? त्यांच्याकडे पलंगाखाली पातेली, न्हाणीत दोनशे लिटरचे ड्रम, वर जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं. सातव्या-आठव्या दिवसापासून पाण्यात अळ्या दिसायच्या. मग गाळायचं, तुरटी फिरवायची, उकळायचं. दरवर्षी गल्लीत कुणाला ना कुणाला डेंग्यू. आणि मुलांची स्थळं! मुलगा शिकलेला, नोकरीतला, पण मनमाडचा म्हटलं की मुलीकडचे आधी विचारायचे, पाणी कितव्या दिवशी येतं? सुरगाण्यातल्या दांडीची बारी गावची बातमी तुम्हीही वाचली असेल, नव्या सुना पाण्यापायी माहेरी निघून जातात. त्यांना नावं ठेवणारे पुरुष स्वतः कधी हंडा घेऊन दरी उतरलेत का?

शेतकऱ्यांवरही सगळं ढकलू नका. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना पाणी लागतं, भूजल उपसून प्लॅस्टिकची शेततळी भरणारेही आहेत, मला ते पटत नाही. पण याच दिंडोरीत वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः मोजून वाटतात. कालव्याच्या शेपटाकडच्या माणसालाही त्याच्या वाट्याचं मिळतं. पाणी मोजून, पैसे भरून. शेतकऱ्याला जमतं ते साठ-सत्तर लाखांच्या फ्लॅटवाल्यांना का जमू नये?

कारण आमच्याकडे मीटरचा विषय निघाला की लोकांना चहाची आठवण येते. एका घरात दोन माणसं, एका घरात सहा आणि रोज धुतली जाणारी गाडी, वर्गणी सारखीच. बोअर किती खोल मारलाय ते विचारलं तर सेक्रेटरी हसतात. साठ मीटरच्या खाली शेतीला आणि उद्योगाला खोदू नका म्हणणारा कायदा आहे राज्यात, पण सोसायट्यांच्या बोअरची खोली कोण मोजतं? आणि सांडपाणी शुद्ध करायचा आमचा प्लांट! बिल्डरने ताबा देताना फुलं वाहून दाखवला होता. परवा किल्ली मागून आत गेले. टाकीवर फळ्या टाकून गणपतीचं मखर ठेवलंय, कोपऱ्यात कुणाच्या तरी दोन लहान सायकली. पॅनेलवर कोळ्याचं जाळं. लाइट बिल वाचतं म्हणे. आणि ते सगळं पाणी नासर्डी नदीत, तिथून गोदावरीत. म्हणजे जायकवाडीला पाणी आपण रोजच सोडतो, फक्त कसलं ते विचारू नका.

तर शनिवारी तीन बादल्या जास्त भरून ठेवा, काही मरत नाही. रविवारी अकराला मीटिंग आहे. अजेंड्यावर 'टँकर मागवणे' असं लिहिलंय. मी त्याखाली दोन विषय लिहून दिलेत, प्रत्येक फ्लॅटला मीटर आणि तो प्लांट सुरू करणे. ज्यांनी काल लाल पोस्टरवर टाळ्या वाजवल्या ते सगळे हजर राहतीलच. आमच्या विंगमधले हे वाचत असतील तर त्यांनीही यावं, नुसता लाइक नको. आणि त्या सायकली ज्यांच्या आहेत त्यांनी त्याआधी काढून घ्याव्यात.