सातपुड्यातील वानरे केळीवर जगत नाहीत

उन्हाळा लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. सातपुड्यातील फळझाडे संपल्यामुळे वानरे उपाशी मरत आहेत; केळी हे त्यांचे नैसर्गिक अन्न असल्याने घाटात किंवा देवस्थानी जाताना प्रत्येकाने दोन फण्या सोबत न्याव्यात; आणि शेतात शिरणाऱ्या टोळीचा म्होरक्या पकडून दूरच्या जंगलात सोडला की बाकीची टोळी आपोआप निघून जाते, असा त्याचा आशय असतो. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या भूतदयेविषयी मला शंका नाही. पण त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान वानराच्या जगण्याशी विसंगत आहे आणि त्याची किंमत वानरे आणि शेतकरी असे दोघेही मोजतात.

सुरुवात संदेशासोबतच्या छायाचित्रापासूनच करावी लागते, कारण त्यात लाल तोंडाचे माकड केळे खाताना दिसते, तर सातपुड्यात आपल्याला प्रामुख्याने दिसते ते काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, धडापेक्षा लांब शेपटीचे वानर. हे दोन वेगळे प्राणी आहेत. माकडाच्या गालात अन्न साठवण्याच्या पिशव्या असतात, वानराला त्या नसतात, आणि दोघांच्या पोटाची रचनाही निराळी असते. जाता जाता एक गोष्ट खानदेशातील वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे : प्राणिशास्त्रज्ञांनी तापी आणि गोदावरी यांना वानरांच्या शेपटी धरण्याच्या दोन ढबींमधील सीमा मानले आहे. या रेषेच्या उत्तरेकडील वानरे चालताना शेपटीची कमान डोक्याच्या दिशेने धरतात, तर दक्षिणेकडील वानरांची शेपटी मागे झुकते. तापीच्या उत्तरेचे यावल आणि दक्षिणेची पाटणादेवी या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याने हे जरूर निरखून पाहावे.

आता केळीविषयी. आपल्याकडची बिनबियांची केळी माणसाने हजारो वर्षे निवडून घडवली आहे, तिचे मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचे आहे आणि रावेर-यावलच्या मळ्यांत ती पाटाच्या किंवा ठिबकच्या पाण्यावर उभी असते. डोंगरात उगवणाऱ्या रानकेळीचे फळ टणक बियांनी गच्च भरलेले असते. वानर हा मुख्यतः पाने खाणारा प्राणी आहे. त्याचे जठर गाईच्या जठरासारखे अनेक कप्प्यांचे असून त्यातील जीवाणू पानांतील तंतुमय भाग आंबवून पचवतात. फरक इतकाच की वानर रवंथ करत नाही. अशा पोटात पिकलेले गोड फळ मोठ्या प्रमाणात गेले की ते झपाट्याने आंबते, आम्ल वाढते आणि पचन बिघडते. पाने खाणाऱ्या वानरजातींच्या आहारातील गोड फळे प्राणिसंग्रहालयांत मर्यादित ठेवली जातात ती याच कारणाने. समोर आलेले केळे वानर आवडीने खाते हे खरे आहे, पण आवडते म्हणून ते त्याचे अन्न ठरत नाही.

‘फळे संपली म्हणून उपासमार’ हा दावाही याच गैरसमजातून येतो. सातपुड्याचे जंगल पानझडीचे आहे आणि वानराचे वर्ष त्या पानझडीच्या क्रमाने चालते. पळस फुलला की टोळी पळसावर असते, मागोमाग मोहाची फुले येतात, उन्हाच्या ऐन कडाक्यात अंजनाला कोवळी पालवी फुटते, आणि वड, पिंपळ, उंबर वर्षातून वेगवेगळ्या वेळी फळतात. उरलेल्या दिवसांत जून पाने, कळ्या, बिया आणि कच्ची फळे चालतात. खाताना वानर बरेच काही खाली टाकते. मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात चितळ याच खाली पडलेल्या पाल्यासाठी आणि फळांसाठी टोळीच्या झाडाखाली येतात, आणि वाघ-बिबट्याची चाहूल लागताच वरून वानरे व खालून चितळ एकमेकांना सावध करतात. पोट भरल्यावर टोळी दुपारभर सावलीत जवळजवळ निश्चल बसून राहते, कारण पाने पचायला वेळ लागतो. हीच सुस्ती पाहून लोकांना प्राणी अशक्त झाल्यासारखे वाटते. वणवे, चराई आणि अतिक्रमण यांनी जंगल विरळ झाले आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्यावर उपाय उंबर आणि अंजन राखण्याचा आहे, रस्त्यावर फण्या टाकण्याचा नव्हे.

रस्त्यावरच्या या केळ्यांचे परिणाम दूर शोधावे लागत नाहीत. घाटाच्या कठड्यावर रोज केळी मिळू लागली की टोळी तिथेच रेंगाळते, पिल्ले पोटाशी घेतलेल्या माद्या भरधाव गाड्यांसमोरून रस्ता ओलांडतात आणि माणसाच्या हातातील पिशवी हिसकावणे ही सवय होऊन बसते. माणसाची भीती गेलेली हीच टोळी पुढे मळ्यात उतरते. केळीची लागवड पावसाळ्याच्या तोंडची (मृगबाग) असो वा पावसाळ्यानंतरची (कांदेबाग), निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडताना, वानराने कोवळे कमळ (केळफूल) खाल्ले किंवा घड ओरबाडला, तर त्या झाडावर केलेला वर्षभराचा खर्च वाया जातो.

म्होरक्या पकडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. वानरांच्या टोळीचा कणा माद्या असतात. त्या जन्मलेल्या टोळीतच आयुष्य काढतात, तर नर वयात येताना बाहेर पडतात आणि नरांच्या वेगळ्या टोळक्यांत फिरतात. म्होरक्या समजला जाणारा मोठा नर हा अनेकदा काही वर्षांपुरताच टोळीत असतो. त्याला उचलले तर माद्या जागा सोडत नाहीत, उलट बाहेरचे नर टोळी बळकावण्यासाठी चालून येतात आणि अशा सत्तांतरात अंगावर पिणारी पिल्ले मारली जाऊ शकतात. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवले आणि पुढे राजस्थानातील अबू व जोधपूर येथील अभ्यासांतही ते दिसून आले. मादीला सुमारे साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू होते. गडद रंगाचे ते नवजात पिल्लू टोळीतील इतर माद्याही आळीपाळीने उचलून फिरवतात.

दूर सोडलेले वानरही सुखी होत नाही. नव्या जंगलातील झाडे आणि पाणवठे त्याला ठाऊक नसतात, तिथे दुसऱ्या टोळीचा वावर असतो, आणि माणसाच्या अन्नाला सरावलेला प्राणी जवळचे गाव शोधतो. आणि म्होरक्याऐवजी सगळी टोळीच हलवली, तरी इकडे मोकळ्या झालेल्या जागेवर, खाणे तसेच मिळत राहिले तर, शेजारची टोळी येते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वानराला संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्याला पकडणे हा गुन्हा ठरतो. ज्या शेतकऱ्याच्या बागेचे नुकसान झाले असेल त्याने त्याच दिवशी छायाचित्रे काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा, कारण वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीसाठी राज्य शासनाची भरपाईची तरतूद आहे.