किनाऱ्यावर फिरायचं तर गाडी तिथलीच घ्या

दिवाळीची सुट्टी लागली की बेळगावातून गाड्या हिंडलग्याच्या रस्त्याला लागतात. चार घरांत मिळून एक इनोव्हा, केए-२२ पाटीची, ड्रायव्हर ओळखीतला. आंबोलीत चहा, सावंतवाडीत मोती तलावापाशी फोटो, मालवणात किल्ला, तारकर्लीत बोट, एक सुरमई थाळी, झालं कोकण! यात वाईट काही नाही. खरं एवढ्यावर किनारा बघितला म्हणत असाल तर माझा आक्षेप आहे. रेडीपासून देवबागपर्यंतचा सिंधुदुर्गाचा किनारा वाड्यांमधून आणि खाड्यांच्या कडेकडेने जातो. तो बघायचा तर गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही तिथलेच घ्यावेत. घाट उतरायला काय वापरायचं ते वापरा.

आधी पैशाचं बोलू. आपल्याकडे बाहेरगावची गाडी किलोमीटरवर ठरते आणि दिवसाला किमान किलोमीटरची अट असते, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. मीटर मालकाच्या दारात सुरू होतो आणि दारातच बंद. बेळगाव ते सावंतवाडी साधारण १०० किलोमीटर. तिथून शिरोडा, रेडी, वेंगुर्ला, भोगवे, मालवण करून कुडाळवरून परत सावंतवाडीला यायला फिरफिरीसकट २०० च्या आसपास. म्हणजे तीन दिवसांत गाडी धावली ४०० किलोमीटर आणि बिल आलं ९०० चं. समजा दर १३ रुपये धरला तर ११,७०० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि पार्किंग. निम्म्याहून जास्त पैसे न धावलेल्या रस्त्याचे. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची गाडी तीन दिवस अडकलेली असते. खरं आपण कशाचे पैसे देतोय हे तरी माहीत असावं.

तिथली गाडी दिवसावर ठरते. आठ-दहा तास, ८० किंवा १०० किलोमीटर, पुढे जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर. समजा दिवसाला अडीच हजार पडले तर तीन दिवसांचे साडेसात हजार. रात्री ड्रायव्हर आपल्या घरी जातो, म्हणून त्याच्या मुक्कामाचा प्रश्न नाही.

यात एक फसगत मात्र आहे. बेळगावहून सावंतवाडीला नुसता ड्रॉप घेतलात तरी मालक परतीचे किलोमीटर लावतो, आणि किमान ३०० ची अट तिथंही असते. जाताना एक ड्रॉप, येताना एक ड्रॉप, मधे तिथली गाडी असं केलंत तर एकूण खर्च तीन दिवसांच्या इनोव्हापेक्षा जास्त होईल. तेव्हा सावंतवाडीपर्यंतचा प्रवास स्वस्तात बसवला तरच हे गणित जमतं. एक तर बसने जा. नाहीतर स्वतःची गाडी चालवत न्या आणि मुक्कामाच्या दारात लावून ठेवा. तिसरा मार्ग म्हणजे सिंधुदुर्गातून पेशंट घेऊन बेळगावच्या हॉस्पिटलांत आलेल्या गाड्या. त्या रिकाम्या परततात, ओळखीने विचारलं तर जागा मिळते आणि भाव कमी होतो. बसने जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबर (काळा दिन) आणि बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन या दिवसांत आदल्या संध्याकाळी स्टँडवर चौकशी करावी. सीमेवरून वातावरण तापलं की पहिल्यांदा बस थांबते. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसेस काही दिवस बंद होत्या. त्या आठवड्यात ज्यांनी तिकडं गाडी ठरवून ठेवली असेल, त्यांना सीमेवरच्या शिनोळीपर्यंत पोचायलाच दुसरी सोय बघावी लागली असणार.

आता तिथलाच ड्रायव्हर का? मालवणचा रस्ता कुणालाही सापडतो, मोबाईल दाखवतो. प्रश्न भरती-ओहोटीचा आहे, आणि त्याचं भान घाटावरच्या ड्रायव्हरला नसतं. त्याचा दोष नाही. आपल्याकडे पाणी वरून येतं किंवा धरणातून.

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथला वाळूचा पट्टा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भर भरतीत गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून परत यायचं. उलट खवण्याला खाडीतल्या खारफुटीत कयाक चालवायचा असेल तर पाणी चढलेलं लागतं, ओहोटीत वल्हं चिखलाला लागतं. म्हणजे त्याच दिवशी एक ठिकाण भरतीचं आणि एक ओहोटीचं. तिथला ड्रायव्हर सकाळी गाडीत बसतानाच सांगतो, आज खवणं आधी, देवबाग दुपारनंतर. बाहेरचा ड्रायव्हर नकाशावरच्या ओळीने नेतो.

हा हिशोब तुम्हालाही घरबसल्या करता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा, जो आकडा येईल तितक्या वाजता ढोबळमानाने भरती. अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून बोटीची वेळ ठरवताना जेटीवर विचाराच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. लांबवर उघडी वाळू आणि शंख-शिंपले हवे असतील तर पौर्णिमेच्या संध्याकाळी पाच-सहाला किनाऱ्यावर असा. पोहायला मात्र ओहोटी नको, पाणी बाहेर ओढतं.

दुसरं कारण रस्ते. मुख्य सागरी रस्ता सोडून कुठल्याही वाडीत शिरा, दोन्ही बाजूला जांभ्या दगडांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मधे जेमतेम एका गाडीची वाट. वर झावळ्या, कडेला जास्वंदी, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून रिक्षा आली की एकाने मागे जायचं असतं. कोणी जायचं हे तिथल्या माणसांचं न बोलता ठरतं. ज्याच्या मागे जवळ बेडं (कुंपणाचं फाटक) किंवा मोकळं खळं (अंगण) असेल तो रिव्हर्स घेतो, आरसे आत दुमडतो, गडग्याला चार बोटं अंतर ठेवून दुसऱ्याला सोडतो. इनोव्हाला तिथं ना वळायला जागा ना मागे जायला. ती घेऊन भोगव्याला उतरणारा ड्रायव्हर अर्ध्या वाटेत म्हणतो, "साहेब, इथून चालत जावा." मग आजी गाडीत आणि बाकीचे उन्हात. चार माणसं असाल तर वॅगन-आर किंवा डिझायर, सहा असाल तर ईको किंवा अर्टिगा. त्यापेक्षा मोठी गाडी या किनाऱ्यावर वाया आहे.

सीएनजी गाडी असेल तर डिकी आधी उघडून बघा. सिलिंडरने ती अर्धी खाल्लेली असते, आणि तीन दिवसांच्या चार बॅगा मांडीवर येतात.

रस्ता सांगायचा तर सावंतवाडीहून मळेवाडमार्गे शिरोडा. तिथली मिठागरं फेब्रुवारी ते मे या काळात बघावीत, दिवाळीत तिथं नुसतं पाणी दिसतं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. मग रेडी, १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती आणि झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला यशवंतगड. तेरेखोलचा किल्ला रेडीपासून हाकेच्या अंतरावर असला तरी तो गोव्याच्या हद्दीत आहे, म्हणून गाडी ठरवतानाच "तेरेखोलला जायचंय" असं बोलून ठेवा. परमिटवरून वाद तिथंच होतो. परत फिरून आरवलीत वेतोबा, मोचेमाड, वेंगुर्ला, मुक्काम. दुसऱ्या दिवशी दाभोली, खवणे, निवती, परुळे, भोगवे. निवतीच्या किल्ल्यावरून एका बाजूला भोगव्याचा लांब किनारा आणि दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर दिसतं. माझ्या मते साऱ्या सिंधुदुर्गात किनारा याहून चांगला कुठून दिसत नाही, आणि इनोव्हावाली मंडळी नेमकी हीच जागा सोडतात. भोगव्याहून देवबाग समोर दिसतं, बोटीने काही मिनिटांचं काम. गाडीने मात्र कर्लीच्या पुलावरून वळसा पडतो. तुम्ही बोटीने पलीकडे जायचं आणि ड्रायव्हरने गाडी पुलावरून आणायची, ही सोय तिथलाच माणूस करतो. तिसरा दिवस मालवणला. किल्ल्याची बोट सकाळी लवकर धरा, दुपारी रांग आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत.

ठरवताना फोनवर हे विचारा. गाडीची पाटी पिवळी, काळ्या अक्षरांची आहे का? पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. शंभर रुपये वाचवायला ही जोखीम घेणारे बेळगावात खूप आहेत. नंबर मागून एमपरिवहन ॲपवर टाका, फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. बेळगावचीच गाडी न्यायची असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते विचारा. नसेल तर महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो आणि तो कोण भरणार हे नंतर सीमेवर उभं राहून ठरवायचं नसतं. तास कधीपासून मोजणार, एसी दरात आहे का, जेवणाचं काय, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोली तिसऱ्या दिवशी दोघांनाही वेगवेगळी आठवते. रोख पैसे जवळ ठेवा, निवती-भोगव्याकडे रेंज जाते आणि क्यूआर कोड नुसता भिंतीला शोभा.

कमिशनचं उघड बोलावं. काही हॉटेलं आणि वॉटर स्पोर्ट्सवाले गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला जेवण किंवा पैसे देतात. तिथला ड्रायव्हरही याला अपवाद नाही. त्याला "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारू नका. "तुमच्या घरी पाहुणे आले आणि तुम्हाला बाहेर जेवायचं झालं तर कुठं जाता" असं विचारा. उत्तर बदलतं. बहुतेकदा ते एखाद्या घराच्या पडवीतली खानावळ निघते, जिथं सकाळी अकराच्या आत फोन करून माणसं सांगावी लागतात. ताटात सुरमई-पापलेटचा हट्ट नको. बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपल्या) ताज्या मिळतात आणि खिशालाही झेपतात. सुरमई घ्यायचीच तर तुकड्याचा भाव आधी विचारा, नंतर नव्हे.

बेळगावचाच ड्रायव्हर नेणार असाल, वडीलधारी माणसं बरोबर असताना मी त्याला हरकत घेणार नाही, तर त्याच्या झोपेची सोय तुम्ही करा. बऱ्याच होमस्टेत ड्रायव्हरला खोली नसते. तो काचा थोड्या खाली करून गाडीत झोपतो, रात्रभर डास मारतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हा सगळ्यांना घेऊन आंबोली चढतो. खोली ठरवताना ड्रायव्हरसाठी एक खाट मागून घ्या.

घाटात दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. उतारावर ड्रायव्हर न्यूट्रल टाकत असेल तर तिथंच टोका. डिझेल वाचतं हा भ्रम आहे. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. तसं झालं तर गाडी कडेला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्यावी, पाणी ओतू नये. ज्या गियरमध्ये चढ चढतो त्याच गियरमध्ये उतार. दुसरं, परतताना अंधार पडायच्या आत आंबोली ओलांडा. वरच्या पट्ट्यात धुकं असतं आणि गवे रस्त्यावर येतात. गवा हॉर्नला हटत नाही. लाईट डिपरला करून थांबायचं. तिलारीचा घाट जवळचा म्हणून कुणी सुचवेल. तो अरुंद आणि फार उताराचा आहे, सवय नसलेल्या हाताने तिकडं वळू नये.

आणखी एक. गाडी वाळूवर उतरवा म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ओली वाळू कडक दिसते खरं, चाक थांबलं की रुततं, आणि भरती चढत असेल तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दाराशी येतं. खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा खातो तो वेगळा. तिथला ड्रायव्हर नाही म्हणाला तर तो आळशी नाही, शहाणा आहे.

दिवस निवडताना २६ मे ते ३१ ऑगस्ट हा काळ बोटीसाठी सोडून द्या, वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याची होडी बंद असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा थाळीतला मोठा मासा बर्फातला असतो. पावसाळ्यात किनारा बघायला मजा आहे, फक्त शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्या अडकतात, मधला वार धरा. आणि गणेश चतुर्थीच्या दिवसांत तिथली गाडी मागू नका. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, गाड्या महिनाभर आधी बोललेल्या असतात, आणि ड्रायव्हरच्या स्वतःच्या घरीही गणपती असतो. तुमच्या दुप्पट भाड्यालाही तो येणार नाही. दसऱ्यानंतर फोन करा.